इटलीत लोकल ट्रेनचं तिकीट: नुसतं काढून चालत नाही, पंच करावं लागतं

आमच्या सोसायटीतल्या पाचव्या मजल्यावरच्या काकू पुढच्या महिन्यात काकांसोबत इटलीला चालल्यात, टूरबरोबर नाही, दोघंच, आणि गेले आठ दिवस लिफ्टमधे भेटलं की त्यांचा एकच प्रश्न, अगं ते ट्रेनच्या तिकिटाचं मला नीट सांग ना. पाच मजल्यांत सांगून होण्यासारखं नाहीये ते, म्हणून आज बसून सगळं लिहून काढतेय, ठाणे नवी मुंबईतून आणखी कोणी जाणार असेल तर त्यांनाही उपयोग होईल. मी 2023 मधे आईबाबांना घेऊन गेले होते, रोम, फ्लॉरेन्स, पिसा, लुक्का, व्हेनिस, आणि त्यातला बराचसा प्रवास आम्ही तिथल्या साध्या पॅसेंजर गाड्यांनी केला.

आधी गाड्यांचे दोन प्रकार डोक्यात पक्के करा, कारण सगळा घोळ इथेच होतो. एक म्हणजे लांब पल्ल्याच्या, रिझर्वेशनच्या गाड्या. फ्रेच्चारोस्सा, फ्रेच्चारजेंतो, इंटरसिटी या सरकारी त्रेनितालियाच्या आणि इतालो ही खासगी कंपनीची. यात तिकिटावर गाडी नंबर, डबा, सीट सगळं छापलेलं असतं, जेवढं आधी बुक कराल तेवढं स्वस्त पडतं, आणि पंच, म्हणजे मशीनमधे घालून तिकिटावर तारीख वेळ छापून घेणं, वगैरे काही करायचं नसतं, आपल्या शताब्दीसारखं जाऊन आपल्या सीटवर बसायचं. आणि हो, इतालोचं तिकीट त्रेनितालियाच्या गाडीत चालत नाही आणि उलटही नाही, दोन्ही एकाच स्टेशनातून सुटत असल्या तरी.

दुसरा प्रकार म्हणजे रेजोनाले. या आपल्या लोकलसारख्या. त्यातही एक साधी रेजोनाले आणि एक रेजोनाले वेलोचे, म्हणजे आपली स्लो आणि फास्ट समजा, इंडिकेटरवर फास्टला आर व्ही लिहिलेलं असतं. भाडं किलोमीटरवर ठरतं त्यामुळे स्लो असो की फास्ट, पैसे तेवढेच, म्हणून मिळत असेल तर आर व्हीच पकडा. सीट नंबर नसतो, जिथे जागा मिळेल तिथे बसायचं. आणि महिनाभर आधी काढा नाहीतर गाडी सुटायच्या दहा मिनिटं आधी काढा, भाडं एकच. त्यामुळे ज्यांना ठाण्यात बसूनच पिसाचं तिकीट काढायची घाई झालेली असते त्यांना मी सांगते, नका काढू, तिथे गेल्यावर काढा, तुमचा त्या दिवशीचा मूड काय, पाऊस आहे का, आईचे गुडघे काय म्हणतायत ते बघून ठरवता येतं.

कुठे कुठली गाडी घ्यायची याचा माझा साधा हिशोब असा की दोन मोठ्या शहरांमधे, म्हणजे रोम ते फ्लॉरेन्स, फ्लॉरेन्स ते व्हेनिस, तिथे फास्ट गाडी आधीच बुक करून टाकायची, कारण रोम ते फ्लॉरेन्स फ्रेच्चारोस्साने दीड तास आणि रेजोनाले वेलोचेने साडेतीन तासांच्याही वर. आणि एखाद्या मोठ्या शहरात मुक्काम ठेवून तिथून आजूबाजूला जायचं, फ्लॉरेन्सहून पिसा, लुक्का, रोमहून ओर्वियेतो, व्हेनिसहून पादोव्हा, व्हेरोना, तिथे रेजोनाले. फ्लॉरेन्स ते पिसा तासभर ते सव्वा तास लागतो आणि नऊ दहा युरो पडतात, आणि दिवसभर गाड्या चालू असतात, एक चुकली तर थोड्या वेळाने दुसरी आहेच.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे सगळं लिहितेय.

रेजोनालेचं कागदी तिकीट मशीनमधून किंवा खिडकीवरून हातात आलं म्हणजे ते अजून चालू झालेलं नसतं. प्लॅटफॉर्मच्या तोंडाशी, खांबावर किंवा भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर एक लहान डबा असतो, हिरवा पांढरा, काही स्टेशनांवर जुना पिवळासुद्धा दिसेल. गाडीत चढायच्या आधी तिकीट त्या डब्यात घालायचं, मग त्यावर स्टेशन, तारीख आणि वेळ छापली जाते आणि तिथून पुढे तिकीट साधारण चार तास चालतं. हे केलं नाही तर टीसीच्या लेखी तुम्ही विनातिकीट, तिकिटाचे पैसे भरलेले असले तरी.

हे असं का, तर तिकिटावर ठराविक गाडी नसते, त्या दिवशीची कुठलीही रेजोनाले चालते. मग तेच तिकीट सकाळी वापरलं आणि परत संध्याकाळी वापरलं तर कळणार कसं? म्हणून तो शिक्का.

ठाणेकरांना खरं तर हे समजायला सगळ्यात सोपं जायला हवं, कारण आपण हे केलेलं आहे. आपल्या लोकलच्या तिकिटाऐवजी चालणारी, मशीनमधे पंच करायची ती सीव्हीएमची कुपनं आठवतात ना? आता बंद होऊनही दहा एक वर्षं झाली. आमच्याकडे बाबांचा पास असायचा, ठाणे ते सीएसटी एकतीस वर्षं, पण मी आणि आई दादरला खरेदीला निघालो की फ्रिजवर ठेवलेलं कुपनांचं पुस्तक आईच्या पर्समधे जायचं आणि बाबा दारातून ओरडायचे, पंच करायला विसरू नका गं. स्टेशनात ते मशीन, त्यात कुपन सरकवलं की खटॅक आवाज, वर तारीख वेळ स्टेशन. पुस्तक जवळ आहे पण पंच केलं नाही तर टीसी दंड लावायचाच. इटलीत डिट्टो तेच.

फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोवेल्ला स्टेशनात पहिल्या दिवशी मी मोबाईलवर वाचत उभी होते की हे नक्की कसं करायचं, तोवर बाबांनी माझ्या हातातून तिकीट घेतलं, त्या डब्याच्या फटीत घातलं, आणि डावीकडे सरकवलं. करर्र करून आवाज आला. बाहेर काढून चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ते डोळ्याजवळ धरलं, कडेला एक बारीक फिकट ओळ उठली होती, आकडे जेमतेम वाचता येत होते. अगं हे तर आपलं कुपन, म्हणाले. त्यानंतर पूर्ण ट्रिपभर तिकीट पंच करायचं काम त्यांनी कोणाला करू दिलं नाही.

तर पंच करताना तीन गोष्टी बघा. तिकिटावर बाणाने दाखवलेलं टोक आत जायला हवं. तिकीट आत घातल्यावर डावीकडे दाबून सरकवावं लागतं, नुसतं घालून काढलं तर काही छापत नाही. आणि बाहेर काढल्यावर ती ओळ उठलीय का हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिथून हलू नका, आवाज आला म्हणजे छापलं असं नाही, शाई संपलेली असू शकते. नाही उठली तर शेजारच्या डब्यात घाला, मोठ्या स्टेशनांवर दर थोड्या अंतरावर असतात. लहान स्टेशनावर एकच असेल आणि तोही बंद असेल तर पेनाने तिकिटावर तारीख, वेळ आणि स्टेशनचं नाव लिहा आणि गाडीत चढल्या चढल्या स्वतःहून टीसीला शोधून सांगा. म्हणून पर्समधे एक पेन ठेवाच.

दोघांचं तिकीट एकदम काढलं तर मशीन दोघांचं मिळून एकच तिकीट छापू शकतं, प्रवाशांची संख्या त्यावर लिहिलेली असते, मग ते एकच पंच करायचं. वेगवेगळी आली तर प्रत्येक. आणि जाऊन येऊन काढलंत तर जातानाचं जाताना आणि येतानाचं येताना, दोन्ही सकाळी एकदम पंच करून ठेवू नका, चार तासांनी दुसरं फुकट जाईल. त्याच कारणासाठी खूप आधीही पंच करू नका, गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मला लागतेय ते कळलं की मग करा.

आणखी एक, कागदी तिकीट ज्या तारखेचं काढाल त्याच दिवशी चालतं. जुन्या गाईडबुकात दोन महिने चालतं वगैरे लिहिलेलं असतं, ते 2016 पासून बदललंय. काकांकडे कुणीतरी दिलेलं जुनं पुस्तक आहे म्हणून मुद्दाम सांगितलं.

मोबाईलवर काढलं तर? त्रेनितालियाचं अ‍ॅप आहे, इंग्लिशमधे चालतं, आणि त्यातलं डिजिटल तिकीट त्या हिरव्या डब्यात घालायचा प्रश्नच नाही. पण तिथेही चालू करण्याची पायरी आहे, तिला चेक-इन म्हणतात. गाडीत बसायच्या आधी प्लॅटफॉर्मवर तिकीट उघडून बघायचं, चेक-इनचं बटण दिसत असेल तर दाबायचं, आधीच झालेलं दाखवत असेल तर काही करायचं नाही. डिजिटल तिकिटावर प्रवाशाचं नाव असतं त्यामुळे ते दुसऱ्याला देता येत नाही, पासपोर्ट जवळ असू द्या. त्याचा फायदा असा की आदल्या रात्री बारापर्यंत तारीख बदलता येते. स्टेशनात नेट लागत नाही अशी वेळ येते म्हणून तिकिटाचा पीडीएफ डाऊनलोड करून ठेवा आणि बॅटरी सांभाळा, दिवसभर फोटो काढून संध्याकाळी मोबाईल बंद पडला तर तिकीट दाखवणार काय.

मी स्वतः आईबाबांबरोबर कागदीच पसंत केलं, हातात धरता येतं, तिघांचं एकत्र राहतं. तरुण मंडळींनी अ‍ॅप वापरा, रांग वाचते.

पैसे देताना मात्र इथून निघायच्या आधी एक काम कराच, बँकेच्या अ‍ॅपमधे जाऊन कार्डाचा परदेशातला वापर चालू करा, आपल्याकडे तो आपणहून चालू नसतो. आणि अ‍ॅपवर पेमेंट करताना ओटीपी इथल्या सिमवर येणार, म्हणजे ते सिम रोमिंगला चालू हवं. आमचं पहिल्या दिवशी याच्यातच अर्धा तास गेला. फॉरेक्स कार्ड असेल तर स्टेशनच्या मशीनवर चालतं.

मशीनचं सांगते. भाषा निवडायला स्क्रीनवर झेंडे असतात, इंग्लिश निवडा, मग मशीन मोठ्याने बोलायला लागतं की पाकीटमारांपासून सावध, घाबरू नका, ते सगळ्यांनाच सांगतं, पण ते खरंच मनावर घ्या. मोठ्या स्टेशनात मशीनपाशी एखादी व्यक्ती येते, हसून मदत करते, बटणं दाबून देते आणि मग पैसे मागते किंवा तुमचं लक्ष दुसरीकडे वळवते. सरळ नको म्हणायचं आणि मागे घरचं माणूस उभं ठेवायचं. आई माझ्या पाठीला पाठ लावून उभी राहायची, पर्स पुढे घेऊन, जशी ती ठाण्याला संध्याकाळी दोन नंबरवर उभी राहते तशीच. काही मशीनवर फक्त कार्ड चालतं, काहींवर नोटा पण चालतात, पण सुटे परत द्यायला मर्यादा असते, पन्नासची नोट घालायला जाऊ नका.

स्टेशनांची नावं त्यांच्या भाषेतली लक्षात ठेवा, इंडिकेटरवर फ्लॉरेन्स, व्हेनिस, नेपल्स असं शोधत बसलात तर सापडणार नाही, तिथे फिरेंझे, वेनेत्सिया, नापोली असतं. तेही एकाच शहरात तीन चार स्टेशनं असतात. व्हेनिसचं तर खास लक्षात ठेवा, वेनेत्सिया मेस्त्रे हे पाण्याच्या अलीकडचं, जमिनीवरचं, आणि वेनेत्सिया सांता लुचिया हे खरं व्हेनिसचं, बाहेर पडलं की समोर ग्रँड कॅनाल. स्वस्त हॉटेलं मेस्त्रेला असतात, मधे दहा बारा मिनिटांचा प्रवास आणि दीड युरोच्या आसपास तिकीट, आणि एवढं छोटं तिकीट म्हणून लोक पंच करत नाहीत. करा.

इंडिकेटरवर फक्त शेवटचं स्टेशन मोठ्या अक्षरात असतं, आपण डोंबिवलीला जाताना कर्जत, कसारा बघून चढतो तसंच. फ्लॉरेन्सहून लुक्काला जायचं तर गाडी व्हियारेज्जोची असेल, पिसाला जायचं तर लिव्होर्नोची असू शकते. त्यामुळे अ‍ॅपमधून गाडीचा नंबर बघून ठेवायचा आणि नंबर जुळवायचा, शहराचं नाव नाही. पार्तेंझे म्हणजे सुटणाऱ्या, आर्रीवी म्हणजे येणाऱ्या, भिंतीवर कागदी टाइमटेबल असतं त्यात सुटणाऱ्यांचं पिवळं आणि येणाऱ्यांचं पांढरं. बिनारिओ म्हणजे प्लॅटफॉर्म. रितार्दो म्हणजे लेट, पुढे मिनिटं असतात. कांचेल्लातो म्हणजे रद्द. एवढे शब्द पुरतात. प्लॅटफॉर्म नंबर मोठ्या स्टेशनात अगदी शेवटी लागतो, तोवर सगळे इंडिकेटरखाली माना वर करून उभे असतात आणि नंबर लागला की एकदम धावतात. आपल्याला याची सवय आहे.

गाडीचे दरवाजे आपोआप उघडतीलच असं नाही, बटण दाबावं लागतं, चढताना आणि उतरतानाही. काही रेजोनालेत फर्स्ट क्लासचा भाग असतो, दारावर किंवा काचेवर 1 लिहिलेलं, सीट जवळजवळ तशाच असतात त्यामुळे कळत नाही, तिथे सेकंडच्या तिकिटावर बसलं तर दंड. लहान मुलांचं म्हणाल तर चार वर्षांखाली फुकट आणि चार ते बारा साधारण हाफ तिकीट.

आता चुकलंच तर काय. आमचं चुकलं. पिसाहून परत येताना आईला जिना चढवेपर्यंत गाडी उभी दिसली, मी म्हटलं चला चला, आणि चढलो, दार बंद झालं, गाडी हलली, आणि बाबांनी खिशातून तिकीट काढलं तर ते कोरं. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही, एकतीस वर्षं पास काढलेला माणूस, आयुष्यात कधी टीसीपुढे मान खाली घातली नाही. मी त्यांना बसवलं आणि तिकीट घेऊन टीसीला शोधत दोन डबे पुढे चालत गेले. त्याला त्यांच्याकडे कापोत्रेनो म्हणतात. सापडल्यावर आधी सॉरी म्हटलं, तिकीट आणि घड्याळ दाखवलं, आत्ता पिसाला चढलो, पंच राहिलं. त्याने तिकीट उलटसुलट बघितलं, खिशातून पेन काढलं आणि त्यावर वेळ लिहून सही केली. पैसे घेतले नाहीत, काही जण थोडा जादा आकार घेतात, ते त्यांच्या हातात असतं. पुढच्या दहा मिनिटांत तोच टीसी आमच्या डब्यात आला आणि आमच्या पलीकडे एक तरुण जोडपं होतं, त्यांचंही कोरंच. ते गप्प बसून राहिले होते. त्याने तिकिटाच्या कडेच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून दाखवलं, त्यांनी खूप सांगितलं की आम्हाला माहीत नव्हतं, पण दंड भरावाच लागला. तिकीट आमच्यासारखंच, गाडी तीच, टीसीही तोच. फरक एवढाच की आम्ही त्याच्याकडे गेलो आणि त्यांच्याकडे तो आला. दंडाची रक्कम प्रत्येक प्रांतात वेगळी आहे, पण तिकिटाच्या कित्येक पट असते, आणि जागेवर भरला नाही तर वाढत जातो.

विमानतळाचंही विचारतात सगळे. रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावरून लिओनार्दो एक्स्प्रेस थेट तेर्मिनी स्टेशनला जाते, 32 मिनिटं, 14 युरो, मधे थांबत नाही. तिचंही कागदी तिकीट पंच करावं लागतं, आणि पंच केल्यावर दीड तासच चालतं. दुसरी एफएल1 नावाची लोकल आहे, 8 युरो, पण ती तेर्मिनीला जात नाही, त्रास्तेव्हेरे, ओस्तियेन्से, तिबुर्तिना असं जाते. हॉटेल त्या बाजूला असेल तर तीच घ्या.

नेपल्सहून पाँपेई बघायचं असेल तर तिकडची चिर्कुमवेसुव्हियाना वेगळी, ती त्रेनितालियाची नाही, तिचं तिकीट तिच्याच खिडकीवर काढायचं, सोरेंतोच्या बाजूची गाडी पकडून पाँपेई स्काव्ही नावाच्या स्टेशनला उतरायचं, समोरच गेट. गर्दी मात्र आपल्या ट्रान्स हार्बरला संध्याकाळी असते तशी. जाताना बाबांना सांगण्यासारखी एक गोष्ट, इटलीतली पहिली रेल्वे इथेच धावली, नेपल्स ते पोर्तिची, 1839 मधे, आपल्या बोरीबंदर ते ठाणे गाडीच्या चौदा वर्षं आधी.

संप हा तिथला नेहमीचा प्रकार आहे, त्याला शोपेरो म्हणतात, पण आधी जाहीर करतात, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलच्या रिसेप्शनवर विचारून ठेवा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 ठरलेल्या लोकल चालवाव्याच लागतात, मग त्या वेळेत जाऊन या.

लहान गावात खिडकी नसते, मशीन बंद असू शकतं, अशा वेळी स्टेशनबाहेर टी अक्षराची पाटी असलेलं दुकान शोधा, ते ताबाक्की, सिगरेट, स्टॅम्प, बसचं तिकीट सगळं मिळतं आणि बऱ्याच ठिकाणी ट्रेनचंही. रविवारी दुपारी ही दुकानं बंद असतात, म्हणून लहान गावात जायच्या दिवशी येतानाचं तिकीट सकाळी मोठ्या स्टेशनातच काढून घ्या, फक्त पंच परत येताना. आणि उतरल्यावर तिकीट लगेच फेकू नका, स्टेशनच्या बाहेर पडेपर्यंत हातात असू द्या.